मेटल डिटेक्टर आपल्या मातीत खरंच किती खोल जातो? टेस्टिंगबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गावात कुणाची अंगठी भुईमूग काढताना पडली, कुणाच्या कानातल्याची फिरकी गवतात गेली की मला फोन येतो, कारण पंचक्रोशीत डिटेक्टर माझ्याकडेच आहे. आणि डिटेक्टर नवीन घेतलेले लोक पण फोन करतात, त्यांचे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून इथे एकदाच लिहून टाकतोय. लिंक पाठवली की काम झालं.

व्हिडिओत नाणं ३० सेंटीमीटरवर वाजतं, माझ्या शेतात १० वर पण वाजत नाही. मशीन खराब निघालं का?

बहुतेक नाही. तो व्हिडिओ कुठल्या जमिनीवर काढलाय ते आधी बघा. इंग्लंडातल्या चुनखडीच्या शेतात किंवा सरळ टेबलावर हवेत नाणं फिरवून काढलेला असतो, आणि आपण उभे असतो दख्खनच्या काळ्या दगडावर. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा थरावर थर पसरला त्यातून आपला बेसॉल्ट झाला, आज साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलाय आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यातच येतो. या दगडात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारं खनिज, आणि दगड झिजून माती होते तेव्हा त्यातलं काही मॅगहेमाइट होतं, तेही जवळपास तितकंच चुंबकीय. डिटेक्टरच्या दृष्टीने तुमचं अख्खं शेत म्हणजे बारीक चूर केलेलं लोखंड आहे. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची चकती, खाली नेली की मशीनला आधी जमीनच ऐकू येते, नाणं त्या गोंगाटात कुठेतरी कुजबुजत असतं.

घरच्या घरी खात्री करायची असेल तर जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कोरड्या मातीतून चार वेळा फिरवा आणि वर काढून बघा. पिशवीला काळी मिशी फुटते. जेवढी मिशी जाड तेवढी खोली कमी, असा माझा ढोबळ हिशेब.

मग हवेतली टेस्ट, म्हणजे एअर टेस्ट, करायचीच नाही का?

करायची, पण कशासाठी ते माहीत हवं. मशीन जिवंत आहे का, मागच्या वर्षीपेक्षा कमजोर झालंय का, नवीन कॉइल जुन्यापेक्षा बरी आहे का, हे एअर टेस्टवरून कळतं. जमिनीत किती खोल जाईल हे त्यावरून अजिबात कळत नाही.

करताना पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे घरात करणं. स्लॅबमध्ये सळया, भिंतीत वायरी, बाजूला फ्रीज. गच्चीवर केली तरी पायाखाली सळयांची जाळीच असते. मी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर मशीन आडवं ठेवतो, कॉइल उभी राहील असं, आणि नाणं लाकडी पट्टीला चिकटवून कॉइलसमोरून नेतो. मशीन हलत नाही, नाणं हलतं. हातातलं कडं, घड्याळ, अंगठी काढायची, मोबाईल लांब ठेवायचा. पहिल्यांदा केली तेव्हा मी अर्धा तास स्वतःच्या अंगठीचीच टेस्ट करत होतो आणि मशीन कसलं भारी आहे म्हणून खूश होतो!

टेस्टसाठी टार्गेट म्हणून काय वापरू?

सहज मिळणारी आणि बदलणार नाहीत अशी. परदेशी लोक त्यांची नाणी घेतात, आपण आपली घ्यायची, पण कुठलं नाणं कशाचं आहे ते बघून.

सध्याचं १ आणि २ रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे, आणि चुंबकाला चिकटणारं स्टील. डिटेक्टरवर हे नाणं नुसता वैताग आहे, एकदा लोखंड म्हणून घरघरतं, कॉइल फिरवून दुसऱ्या बाजूने आलात की स्क्रीनवर मोठा आकडा दाखवतं. याच्यावर टेस्ट करून मशीनला शिव्या घालू नका. २०१९ च्या आधीचं पिवळं ५ रुपयाचं घ्या, निकेल ब्रासचं, २३ मिलिमीटर, ६ ग्रॅम. जुनं जाड पांढरं ५ चं मिळालं तर तेही ठेवा, ९ ग्रॅमचं, तांबं निकेलचं. तिसरं म्हणजे जुनं अॅल्युमिनियमचं २० पैशांचं षटकोनी, ते हलकं असलं तरी मोठ्याने वाजतं आणि मग कळतं की मशीनला वजनाशी काही देणंघेणं नाही, धातूत वीज किती सहज फिरते आणि वस्तू किती रुंद आहे यावर सगळं आहे. आजीच्या डब्यात राणीछाप रुपया असेल तर उत्तम, ११.६६ ग्रॅम आणि ९१.७ टक्के चांदी, पण तो फक्त हवेत वापरा, जमिनीत पुरून विसरलात तर घरात महाभारत होईल.

सोन्यासाठी एक साधी अंगठी, एक नाजूक कानातलं. शिवाय एक ३ इंची खिळा आणि एक कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण, कारण कचरा ओळखता येतो का ही पण टेस्टच आहे.

ग्राउंड बॅलन्स म्हणजे नेमकं काय, आणि टेस्टच्या आधी किती वेळा करायचा?

कॉइलमधून सेकंदाला काही हजार वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह तयार होतात, ते स्वतःचं छोटं क्षेत्र परत पाठवतात, पण जरा उशिराने. जमिनीतल्या चुंबकीय कणांचं उत्तर जवळपास लगेच येतं. हा जो उशिराचा फरक आहे त्यावर मशीन ठरवतं की कुठलं उत्तर मातीचं आणि कुठलं धातूचं. ग्राउंड बॅलन्स म्हणजे मशीनला सांगणं की बाबा इथल्या मातीचा सूर हा आहे, हा सोडून बाकीचं मला ऐकव.

पद्धत सोपी, धातू नसलेली जागा शोधा, बटण दाबून कॉइल जमिनीपासून २-३ सेंटीमीटर ते २०-२५ सेंटीमीटर अशी वरखाली करा, आवाज सपाट झाला की झालं. माती बदलली की परत. उन्हातून झाडाखाली गेलात तरी परत, कारण कॉइल तापली किंवा गार झाली की सूर सरकतो. मे महिन्यात मी अर्ध्या तासाला करतो.

गॅरेटच्या एस २५० सारख्या सुरुवातीच्या मशीनला ही सोय नाही, कंपनीनेच एक सूर बसवून दिलेला असतो. परदेशातल्या मातीसाठी ठीक आहे. आपल्याकडे अशी मशीन चालते, पण सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक आवाज ऐकेल ते ठरवणारं सेटिंग, इतकी खाली आणावी लागते की खोली उरत नाही. मला कुणी विचारलं तर मी सांगतो, बाकी काही नसलं तरी चालेल, पण ग्राउंड बॅलन्स हाताने करता येईल असंच मशीन घ्या.

नाणं पुरून टेस्ट केली पण खड्डा खणला की मातीच बदलते ना?

बरोबर पकडलंत, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खणून परत भरलेली माती भुसभुशीत असते, थर उलटे होतात, मध्ये हवा राहते. मशीनला तिथे नाण्याच्या आधी खड्डाच दिसतो. आपल्या चुंबकीय मातीत तर नुसता रिकामा खड्डा बुजवला तरी कधी कधी मशीन चिरकतं.

यावर उपाय तिरक्या पाइपचा. पीव्हीसीचा पाइप जमिनीत तिरका घालायचा, ३० अंशात घातलात तर हिशेब अगदी सोपा, पाइप जितका आत गेला त्याच्या निम्मी खोली. म्हणजे ६० सेंटीमीटर आत गेला की टोक ३० सेंटीमीटर खोल. भोक पाडायला पहार वापरायची आणि मग पहार दूर नेऊन ठेवायची. नाणं मावावं म्हणून पाइप एक इंची घ्या. बांबूच्या काडीच्या टोकाला चीर देऊन त्यात नाणं आडवं बसवून पाइपातून सरकवायचं, काडीवर प्रत्येक ५ सेंटीमीटर खोलीची खूण करायची. नाण्याच्या वरची माती जशीच्या तशी, कुणी हात न लावलेली. एकाच पाइपात एका दुपारी पाच टार्गेट आणि सगळ्या खोल्या होतात.

कायमची टेस्ट गार्डन करायची असेल तर वेगळं. आधी ती जागा डिटेक्टरने स्वच्छ करा, सगळं जुनं लोखंड काढा, मग एकेक मीटर अंतर सोडून टार्गेट पुरा आणि दोन तीन पावसाळे जाऊ द्या. खुणेला लोखंडी खुंटी नको, लाकडी किंवा प्लास्टिकची. हसू नका, एका मित्राने प्रत्येक नाण्याच्या डोक्यावर चार इंची खिळा ठोकला होता "सापडावं म्हणून". आणि माती भरायला प्लास्टिकचं घमेलं, लोखंडी घमेलं शेजारी ठेवून टेस्ट करण्यात अर्थ नाही. नकाशा कागदावर काढून घरात ठेवा.

जुनं पुरलेलं जास्त खोलवरून वाजतं असं म्हणतात त्याबद्दल एवढंच, लोखंडाच्या बाबतीत ते पटतं कारण गंज आजूबाजूच्या मातीत पसरतो आणि वस्तू जणू मोठी होते. सोनं गंजत नाही, त्याला असा फायदा मिळण्याचं कारण नाही.

काळी, मुरमाड, तांबडी, कोणती माती सगळ्यात त्रासदायक?

माझ्या अनुभवात मुरूम सगळ्यात वाईट, म्हणजे अर्धवट झिजलेला बेसॉल्टच, त्यात मध्येच एखादा दगडाचा गोटा येतो जो बाजूच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असतो आणि अगदी टार्गेटसारखा वाजतो. याला डिटेक्टरवाले हॉट रॉक म्हणतात. खूण अशी की कॉइल वर उचलली की आवाज पटकन मरतो आणि दुसऱ्या दिशेने आलात की आकडा भलताच येतो. कोकणात जांभ्याच्या खड्यांचं तेच.

काळ्या मातीचं ऋतूवर आहे. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि प्रत्येक भेगेवरून कॉइल गेली की मशीन बोलतं कारण तिथे अचानक माती नाही. पावसाळ्यात चिखल कॉइलला लिंपून बसतो आणि चालवतच नाही. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे वाफसा. ज्या दिवशी शेतकरी म्हणतो आता कुळव घालायला हरकत नाही त्या दिवशी डिटेक्टर पण घालायला हरकत नाही. ओल सगळीकडे सारखी, ढेकळं नाहीत, कॉइल जमिनीला लागून जाते. कॉइल ५ सेंटीमीटर वरून फिरवली तर ती ५ सेंटीमीटर सरळ तुमच्या खोलीतून वजा होतात हे लक्षात घ्या, नांगरलेल्या रानात ढेकळांवरून कॉइल नाचवणारे लोक अर्धी खोली तिथेच घालवतात.

नुकतंच खत टाकलेलं रान टाळा, खतं म्हणजे क्षारच, ओलीत विरघळली की जमीन वीज वाहायला लागते. चोपण जमिनीचंही तसंच.

जळालेली माती हा एक वेगळाच प्रकार. वीटभट्टीची जागा, जुनी चूल, शेकोटी, तापवल्यावर मातीतलं लोह आणखी चुंबकीय होतं, त्यामुळे भट्टीच्या जागेवर एकही धातू नसताना मशीन वेडं होतं.

आणि महाराष्ट्र म्हणजे सगळा बेसॉल्ट नाही बरं का. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे खाली फार जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक आहे. भंडाऱ्याचा मित्र सेन्सिटिव्हिटी माझ्यापेक्षा बरीच वर ठेवून आरामात फिरतो आणि मला वाटायचं त्याचं मशीन भारी आहे, मग एकदा त्याचं मशीन माझ्या रानात चालवलं आणि ते माझ्याइतकंच रडलं. अर्थात गडचिरोलीत सुरजागडसारखी लोहखनिजाची टेकडी पण आहे, तिथे कुणी डिटेक्टर काढू नये.

समुद्रावर काय होतं? कोकणात सुट्टीला जाताना नेणार आहे.

पुळणीवर तीन वेगळ्या जमिनी असतात आणि तिन्हींची टेस्ट वेगळी करायला हवी. वरची कोरडी वाळू, भरती ओहोटीच्या मधली ओली वाळू, आणि काळी वाळू.

कोरडी वाळू सोपी, तिथे मशीन जवळपास हवेतल्यासारखं चालतं आणि माणूस उगाच खूश होतो. ओल्या वाळूत मिठाचं पाणी आहे, ते वीज वाहतं, त्यामुळे ते स्वतःच एक पसरट धातू असल्यासारखं उत्तर देतं. हे उत्तर चुंबकीय मातीपेक्षा वेगळ्या सुराचं असतं, म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीवर (क्षेत्र सेकंदाला किती वेळा उलटसुलट होतं तो वेग) चालणाऱ्या मशीनला मीठ आणि लोह दोन्ही एकदम गप्प करता येत नाही, एक दाबलं की दुसरं वर येतं. म्हणूनच माइनलॅब इक्विनॉक्ससारखी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशीनं ओल्या वाळूत उठून दिसतात. नोक्टा सिम्प्लेक्ससारखं १२ किलोहर्ट्झवालं एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन असेल तर त्याच्या बीच मोडवर जा, सेन्सिटिव्हिटी उतरवा, कॉइल हळू आणि एकाच उंचीवर फिरवा. लाट येऊन कॉइलखालून गेली की आवाज येणारच, तो मोजू नका.

पल्स इंडक्शनची मशीनं सतत सूर लावत नाहीत, एक झटका देतात आणि मग गप्प बसून ऐकतात. मिठाचं उत्तर लवकर विझतं आणि धातूचं जरा रेंगाळतं, म्हणून ती ओल्या वाळूत खोल जातात. पण बहुतेकांना लोखंड वेगळं ओळखता येत नाही, त्यामुळे गळाच्या तुकड्यापासून जहाजाच्या खिळ्यापर्यंत सगळं खणत बसावं लागतं.

काळी वाळू म्हणजे रत्नागिरीच्या बाजूला मालगुंड, काळबादेवीकडे जी दिसते ती. त्यात इल्मेनाइट आहे आणि बरोबर मॅग्नेटाइट. काळ्या वाळूचा पट्टा आणि त्यात समुद्राचं पाणी, म्हणजे दोन्ही दुखणी एकत्र. माझी सासुरवाडी तिकडेच आहे म्हणून हे हौसेने करून बघितलंय, १० रुपयाचं नाणं बोटभर वाळूखाली ठेवून तीनदा हुकलं आणि मेव्हणा सगळा वेळ शेजारी उभा राहून हसत होता.

सेन्सिटिव्हिटी फुल ठेवली की खोल जाईल ना?

आपल्या मातीत बहुतेक वेळा उलटं होतं. ढोबळ गणित असं की कॉइलचं क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं, आणि नाण्यापासून परत येणारं उत्तरही घनानेच, म्हणजे एकूण सहावा घात. खोली दुप्पट करायची तर सिग्नल ६४ पट पाहिजे. फक्त २० टक्के जास्त खोली हवी तरी जवळपास ३ पट. आता सेन्सिटिव्हिटी वाढवली की नाण्याचा आवाज वाढतो तसाच मातीचाही वाढतो, नाण्याला वेगळा फायदा काही नाही. मशीन सतत कटकट करायला लागतं, दहा मिनिटांनी तुमचा कान बंद होतो आणि खरा सिग्नल पण निसटतो. टेस्ट अशी करा, पाइपात नाणं तुम्हाला जेमतेम ऐकू येईल एवढ्या खोलीवर ठेवा आणि सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी वर नेत जा. एका जागी आवाज सगळ्यात स्पष्ट असतो, त्याच्या पुढे बिघडत जातो. तो आकडा तुमच्या रानाचा.

मोठ्या कॉइलचंही हेच दुखणं, ती जास्त जमीन बघते. डीडी प्रकारची कॉइल जमिनीचा पातळ काप बघते म्हणून आपल्याकडे तीच बरी. गोलात गोल असलेली कॉन्सेंट्रिक कॉइल हवेत छान दिसते, मुरमात दमते.

शेतात मशीन दर सेकंदाला टिक टिक करतं, कॉइल हलवली नाही तरी. का?

शेजारच्या रानात झटका मशीन आहे का बघा! रानडुकरांसाठी लावतात ते, साधारण सेकंदाला एक झटका तारेत सोडतं आणि डिटेक्टर तो लांबून ऐकतो. बंद करायला सांगण्याआधी शेजाऱ्याशी संबंध कसे आहेत तेही बघा. बाकी हाय टेन्शन लाइन, बोअरचा स्टार्टर, घरातला इन्व्हर्टर, खिशातला मोबाईल, हे सगळे संशयित. मशीनमध्ये फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची सोय असते ती वापरा. टेस्ट करायची असेल तर शेतीची लाइट गेलेली वेळ उत्तम, आपल्याकडे ती रोज मिळतेच.

स्क्रीनवरचा नंबर खोल गेल्यावर बदलतो, विश्वास कशावर ठेवायचा?

आवाजावर. नंबर हा धातू कोणता याचा मशीनचा अंदाज असतो आणि तो मातीच्या उत्तरात भेसळ होऊन येतो. पाइपात ५ चं नाणं ५ सेंटीमीटरवर ठेवा, नंबर लिहा, मग एकेक पायरी खाली न्या. वरच्या थरात नंबर ठाम असतो, नंतर थरथरतो, आणि शेवटी चुंबकीय मातीत सरळ लोखंडाच्या बाजूला घसरतो. म्हणजे लोखंड नको म्हणून डिस्क्रिमिनेशन लावून ठेवलं तर सगळ्यात खोल असलेलं चांगलं टार्गेट मशीन गुपचूप गाळून टाकतं. मी तर लोखंड चालू ठेवूनच फिरतो, कानाला त्रास होतो पण चालतं. खोलीचा पट्टा पण नाण्याच्या आकारावर बेतलेला असतो, खाली पत्र्याचा डबा असेल तर "५ सेंटीमीटर" दाखवून तुमच्याकडून दोन फूट खणून घेईल.

मंगळसूत्र हरवलंय, मशीनला सापडेल का?

हा प्रश्न आला की मी आधी विचारतो वाट्या कशा होत्या. कारण साखळी डिटेक्टरला जवळपास दिसत नाही. प्रवाहाला फिरायला अखंड वाटोळं अंग लागतं, अंगठी म्हणूनच मोठ्याने वाजते. साखळीत प्रत्येक कडी वेगळी, बारीक, एकमेकींना जेमतेम टेकलेली, त्यामुळे मशीनला अख्खी साखळी न दिसता एक एक बारीक कडी दिसते. मंगळसूत्रात वाजतात त्या वाट्या आणि फार तर फासा. अंगठी मध्ये चिरलेली किंवा तुटलेली असेल तर तिचाही आवाज एकदम पडतो. ही टेस्ट घरी नक्की करा, बंद अंगठी आणि मग सोन्याची बारीक साखळी, दोन्ही हवेत. फरक बघून धक्का बसतो.

बारीक सोन्यासाठी जास्त फ्रिक्वेन्सी बरी पडते. इक्विनॉक्स ८०० ला २० आणि ४० किलोहर्ट्झ आहे, गॅरेट एटी गोल्ड १८ वर चालतं. चांदीच्या मोठ्या नाण्याला कमी फ्रिक्वेन्सी चांगली. सगळ्यात महत्त्वाचं, हरवलेली वस्तू वर असते, दोन बोटं गवतात. खोलीची चिंता सोडा, बाईंनी शेवटचं कुठे वाकून काय केलं ते नीट विचारा, आणि तिथे दोन दिशांनी, अर्धी कॉइल मागच्या पट्ट्यावर येईल अशी हळू फिरवा.

जत्रेच्या मैदानात इतका कचरा आहे की काहीच कळत नाही. त्याची टेस्ट कशी?

एका फळीवर चार खिळे ठोका आणि मध्ये नाणं ठेवा, खिळे नाण्यापासून चार बोटांवर. वेगवेगळ्या दिशांनी कॉइल न्या आणि किती दिशांनी नाणं ऐकू येतं मोजा. खोलीत हरलेलं मशीन इथे जिंकू शकतं, कारण इथे एका आवाजातून सावरून दुसरा ऐकण्याचा वेग लागतो. लहान कॉइल इथे फार उपयोगी. आपल्या मैदानातला खास कचरा म्हणजे फुलबाजीच्या तारा, गोळ्यांच्या पाकिटांची चांदी, बैलांच्या खुरांना ठोकतात त्या पत्र्यांचे तुकडे आणि बाटल्यांची झाकणं. गोळ्यांच्या चांदीचा तुकडा आणि बारीक सोन्याचं कानातलं यांचा नंबर जवळपास सारखा येतो, यावर जगात कुणाकडे इलाज नाही, खणायचं.

एक जण ५० फूट खोल आणि १ किलोमीटरवरचं सोनं दाखवणारं यंत्र विकतोय, दोन दांड्यांचं. घेऊ का?

नको. पण माझं ऐकू नका, टेस्ट करा, आंधळी टेस्ट. दहा सारख्या बादल्या पालथ्या घाला. तुम्ही आणि विकणारा दोघं घरात जा, तिसऱ्याने प्रत्येक बादलीसाठी नाणं उडवायचं, छापा पडला तर खाली सोनं, काटा पडला तर रिकामी, आणि कागदावर लिहून तोही निघून जायचा. मग विकणाऱ्याने दहाही सांगायच्या. नुसत्या अंदाजाने दहाही बरोबर यायची शक्यता १०२४ मध्ये १. सोनं कुठे आहे हे माहीत असणारा माणूस जवळ उभा नको, कारण दांडी यंत्राने वळत नाही, धरणाऱ्याच्या मनगटाने वळते, आणि त्याला स्वतःलाही ते कळत नाही.

हे फक्त गावाकडच्या भोळ्या लोकांचं नाही. एडीई ६५१ नावाचं असंच दांडीचं यंत्र बॉम्ब शोधतं म्हणून इराकमध्ये चेकपोस्टवर वापरलं गेलं, आत काहीच नव्हतं, माणसं मेली, आणि विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनच्या कोर्टाने १० वर्षांची शिक्षा दिली. गुप्तधनाच्या नावाने पूजा, बळी वगैरे कुणी सुचवलं तर त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सरळ पोलीस स्टेशन.

आंधळी टेस्ट चांगल्या मशीनवर पण करा. घरच्यांना नाणी पुरायला सांगा, काही खड्डे रिकामे बुजवायला सांगा. सापडलेली जितकी महत्त्वाची तितकेच खोटे इशारे. भूसुरुंग काढणाऱ्यांच्या डिटेक्टरसाठी युरोपात २००३ साली सीडब्ल्यूए १४७४७ नावाची टेस्टची पद्धत ठरवली गेली, त्यातही हवेतली टेस्ट वेगळी, मातीतली वेगळी आणि आंधळी चाचणी वेगळी आहे. त्यांचं चुकलं तर पाय जातो, आपली फार तर दुपार जाते.

सगळं बरोबर करूनही एका ठिकाणी चालतं, दुसऱ्या ठिकाणी नाही, असं का होतं?

आजूबाजूला बघा. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने अंगातली गोळी शोधायला मेटल डिटेक्टर बनवला. जुन्या युद्धात गोळी अंगात राहिलेल्या सैनिकावर टेस्ट केली, चाललं. अध्यक्षांच्या खाटेजवळ नेलं तर भलताच आवाज, कारण गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या. त्यात डॉक्टरने फक्त उजवी बाजू तपासू दिली आणि गोळी निघाली डावीकडे, पण ते कळलं पोस्टमॉर्टेममध्ये. मी बांधावर टेस्ट करताना तारेच्या कुंपणापासून दोन मीटर लांब राहतो तेव्हा दर वेळी ती गादी आठवते.

किल्ल्यावर टेस्ट करू का? तिथे खरं काहीतरी असेल.

अजिबात नाही. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि २०२५ मध्ये आपले मराठा काळातले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून तर लोकांचं लक्ष आणखी आहे. स्वतःच्या शेतातही १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे, जमिनीत पुरलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, खणून उचललेलं नाणं कुठल्या थरात होतं ही माहिती कायमची जाते. स्वतःचं रान, ओळखीच्याचं रान, मालकाला विचारून, खड्डे बुजवून.

नोंद कशी ठेवू?

शाळेची वही पुरते. तारीख, जागा, मातीची ओल (कोरडी, वाफसा, चिखल), ग्राउंड बॅलन्सचा आकडा, सेन्सिटिव्हिटी, टार्गेट, खोली, आणि दहा वेळा कॉइल नेली तर किती वेळा वाजलं. "वाजलं" असं लिहू नका, "१० पैकी ७" असं लिहा, दोन्ही दिशांचं वेगळं. एकदा वाजलं म्हणून ती खोली धरणारे लोक पुढे खूप खणतात. माझ्या वहीत मे महिन्याची आणि ऑक्टोबरची पानं शेजारी शेजारी ठेवली तर एकच रान, एकच मशीन, एकच ५ चं नाणं, आणि तरी वाटतं दोन वेगळ्या मशीनच्या नोंदी आहेत.

सिक्युरिटीवाल्यांकडे असतो तो हातातला डिटेक्टर शेतात चालेल का?

नाही, त्याला ग्राउंड बॅलन्सच नसतो आणि पल्ला काही बोटांचा. पण वखारीत जुन्या लाकडात खिळा आहे का बघायला, किंवा खणलेल्या ढेकळात नाणं नेमकं कुठे आहे ते बघायला झकास. आमच्याकडे एकदा गाईने तार गिळली का बघायला पण तोच आणला होता, तो इतका वाजला की सगळे घाबरले, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गळ्यातली घंटा काढायची राहिलीय.